व्याह्यांचं हाडशास्त्र

माणसाचं मूळ गाव आणि घरात कोणतं धान्य शिजतं एवढं कळलं, की त्याचे गुडघे कधी कुरकुरणार हे सांगणारा अख्ख्या पुण्यात एकच माणूस आहे, आणि माझ्या दुर्दैवानं तो माझा व्याही आहे. धायरीत त्यांची शेती होती, आता तिथे इमारती आहेत. पण अंगातली ज्वारी त्यांनी अजून कुणाला विकलेली नाही. कोकणातला माणूस चिवट पण दम्याचा, माझ्या मुलीच्या खराडीतल्या ऑफिसातले बंगाली हुशार पण पोटानं हळवे, अशी त्यांची वर्गवारी पक्की असते. तिच्यात सगळ्यांत वर ज्वारीवाले, म्हणजे ते स्वतः, आणि सगळ्यांत खाली आम्ही, म्हणजे पेठेतली वरणभातवाली मंडळी. सोयरीक ठरवताना त्यांनी मुलीच्या पगाराची चौकशी केली नाही. माझ्या वडिलांनी काठी कधी धरली, ते विचारलं.

त्यांचं म्हणणं खोडून काढायची मला फार हौस, पण शरीरानं कधी साथ दिली नाही. नातवाच्या बारशाला मी हट्टानं पाटावर जेवायला बसलो आणि मला उठता येईना. व्याह्यांनी काखेत हात घालून उभं केलं आणि वर समजूत काढली, "पाव्हणं, तुमचा दोष न्हाई. बियाणंच तसलं हाय." मुलीचा बाप म्हणून मी गप्प बसलो, असं घरी सांगतो. खरं तर धाप लागली होती.

गेल्या महिन्यात बायकोनं मला गुडघ्यांच्या व्यायामासाठी फिजिओथेरपीला पिटाळलं. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी मुद्दाम लांबचं, विश्रांतवाडीचं क्लिनिक गाठलं. दार ढकललं तर समोर व्याही. तेही त्याच बेतानं धायरीहून आलेले. खुर्ची एकच रिकामी. व्याह्याच्या आधी बसायचं नाही, ही रीत त्यांच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. त्यामुळे आधी आपण, आधी आपण करत दोन म्हातारे लटपटत उभे राहिलो. शेवटी तेच बसले. हळू आवाजात म्हणाले, "सकाळचं जिना उतराया भ्या वाटतं. पोराला सांगू नका."

त्यांचं शास्त्र खोटं ठरावं म्हणून मी इतकी वर्षं देव पाण्यात घालून बसलो होतो. ते ठरलं, आणि मला रडू येऊ लागलं. मला टोचून बोलणारा तो ताठ माणूस मला हवा होता. मी म्हणालो, "अहो, आमच्या मुलीच्या हातचं खाता ना रोज? आमचं वरण बाधलं तुम्हाला."

त्यांनी गुडघ्यावरून एकदा हात फिरवला. मग "तसंच आसंल," म्हणाले, आणि खुर्चीत जरा सावरून बसले.