माश्यांना आवतण

"गावंडे, आतमधी काय मेलं?"

नानाभाऊ जाळीघराच्या दारात नाकाला दुपट्टा लावून उभे होते. ते आमच्या नर्सरीचे मालक, मी व्यवस्थापक. मोझरीच्या रस्त्यावर आम्ही संत्र्याची कलमं तयार करतो. बाहेर बाकड्यावर नांदगाव खंडेश्वरचे एक शेतकरी बुकिंगसाठी येऊन बसले होते.

"मेलं काही नाही नानाभाऊ, फूल उमललं."

"फुलाचा असा वास?"

स्टेपेलियाच्या फुलाचा असाच असतो. झाड मूळचं आफ्रिकेचं, आपल्याकडे एखाद्या शौकीन माणसाकडेच सापडतं. पानं नाहीत, अंगठ्याएवढ्या जाड चौधारी कांड्या, त्यांतच पाणी साठवलेलं. फूल तळहाताहून मोठं, चांदणीसारखं, पिवळट, त्यावर तांबड्या रेघा आणि बारीक लव. वास थेट मेलेल्या उंदराचा. मधमाशीशी त्याला देणंघेणं नाही. त्याला मांसावर बसणारी माशी हवी असते.

जाळीघरात अशा दोन कुंड्या होत्या. एक माझी, दुसरी अकोल्याच्या वानखडे मॅडमची. कॉलेजात मॅडमनी मला बॉटनी शिकवली. आता त्या निवृत्त आहेत. हे झाड रुईच्या कुळातलं. फळ म्हणजे शेंगांची जोडी, आत रुईसारखंच म्हातारीचं बी. ती शेंग मॅडमनी नोकरीभर फळ्यावर काढली, पण डोळ्यांनी एकदाही पाहिली नव्हती. कारण आपल्याकडे सगळे कांडी तोडून लावतात. कुंड्या कितीही झाल्या तरी झाड एकच, आणि स्वतःच्याच परागानं ते सहसा बी धरत नाही. त्यात पावसाळ्यात मॅडमच्या कुंड्या सडत गेल्या. एकच उरली.

"हे झाड बी गेलं तं माह्यी शेंग पाहाची राहूनच जाईन रे," त्या फोनवर म्हणाल्या.

माझं झाड नागपूरच्या मित्राकडचं, वेगळ्या वाणाचं. म्हणजे सोयरीक जमण्यासारखी होती, अडचण फक्त मुहूर्ताची. फूल जेमतेम दोनतीन दिवस टिकतं. मग आम्ही संत्र्याचीच युक्ती वापरली. संत्र्याला बहार यावा म्हणून काही दिवस पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. दोघांनी फोनवर ठरवून एकाच वेळी ताण दिला, एकाच वेळी पाणी सोडलं. दोन्हीकडे कळ्या धरल्या. मॅडमची कुंडी आणायला मी एसटीनं गेलो. येताना मूर्तिजापूरच्या पुढे कळी उमलायला लागली आणि कंडक्टरनं मला शेवटच्या सीटवर पाठवलं.

आता दोन्ही फुलं उमलून एक दिवस गेला होता आणि काम झालेलं नव्हतं. यांचे पराग पिठासारखे नसतात. मेणाच्या इवल्या गोळ्यांची जोडी असते, ती माशीला चिकटून जाते आणि दुसऱ्या फुलातल्या फटीत अडकते. मी सुईनं करून पाहिलं. संत्र्याची कलमं बांधून तयार झालेला हात, पण इथे पहिलीच जोडी चिरडून बसलो. शेवटी माशीची वाट पाहत राहिलो. एकही आली नाही.

हे सांगितल्यावर नानाभाऊ खूशच झाले. दुपट्टा बाजूला करून त्या शेतकऱ्यांना म्हणाले, "पाहा जी, इतका वास सुटून राह्यला, पन आत एक माशी नाही. जाळी कशी हाय आपली!"

मी कपाळावर हात मारला. संत्र्याच्या कलमांना रोग नको म्हणून आम्ही किडा शिरणार नाही अशी बारीक जाळी लावतो, दारही दुहेरी ठेवतो. नवीन रोप आलं की हात आपोआप त्याला जाळीत नेतात. मीही नवरानवरीला मांडवात बसवलं होतं आणि वऱ्हाड दाराबाहेर ठेवलं होतं!

मी दोन्ही कुंड्या उचलल्या.

"बाहेर काहून नेऊन राह्यला?" नानाभाऊ ओरडले. "गिऱ्हाईक पळून जाईन ना!"

"फूल उद्या मिटेल. मॅडमचं हे शेवटचं झाड आहे."

ते थोडा वेळ घुटमळले. मग म्हणाले, "पंपाच्या मांगं ठेवा. वारा तिकून जाते."

थोड्याच वेळात हिरव्या-निळ्या माश्या आल्या. फुलांत शिरल्या, मेलेलं जनावर समजून अंडीही घालून गेल्या. बिचाऱ्यांची पिल्लं उपाशी मरणार होती, पण मी इतका खूश होतो की त्यांना चहासुद्धा पाजला असता. तेवढ्यात वास पंपाला वळसा घालून बाकड्यापर्यंत पोचला.

"काय मेलं जी?" शेतकऱ्यांनी विचारलं.

"काही नाही," नानाभाऊ म्हणाले, "लगन हाय मांगं."

फुलं गळाली. मॅडमच्या झाडावर शेंगांची जोडी धरली आणि कित्येक महिने सावकाश वाढत राहिली. उन्हाळ्यात ती तडकायला आली तेव्हा मॅडम अकोल्याहून आल्या. मी कुंडी ऑफिसात नानाभाऊंसमोर टेबलावर ठेवली. एक शेंग उकलली, म्हाताऱ्या उडायला लागल्या.

"पंखा बंद कर!" मॅडम वर्गात ओरडायच्या तशाच ओरडल्या. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

त्यानंतर मी माझ्यापुरता नियम केला आहे: नवीन रोप आलं की जाळीत नेण्याआधी त्याच्याकडे कोण पाहुणे येतात ते विचारायचं.

त्या दिवशी मॅडम मात्र शेंगांकडे वाकून पाहतच होत्या.

"या तं वरतं उभ्या हायेत रे."

"हो मॅडम."

"मी फळ्यावर खाली लोंबत्या काढत होती. इतक्या सालच्या पोरायले आता काय सांगू?"

"काही सांगू नका," नानाभाऊ म्हणाले. "पास झाले ना सारे?"

परीक्षेत मीही लोंबत्याच काढल्या होत्या, आणि मॅडमनी पूर्ण मार्क दिले होते.