कोपऱ्यातला बाण

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुठ्ठ्यावर कागद ताणून चिकटवत होते. शनिवारची दुपार. फोन मुरगूडहून, त्यांच्या भाच्याचा. चार दिवस माहेरी म्हणून गेल्या होत्या; सकाळी चहा घेतला, खुर्चीत जरा टेकल्या आणि संपलं. मी ‘बरं’ म्हणाले. असल्या वेळी बरं कोण म्हणतं? पण मी म्हणाले, आणि राहिलेली चिकटपट्टी चारही बाजूंनी नीट लावून पुरी केली. मग लक्षात आलं की उद्या रविवार, आणि उद्या चित्रं काढायला कुठं बसायचं हे आक्काच ग्रुपवर कळवतात... तेव्हा कुठं रडू आलं.

आमचा गट दहा-बारा जणांचा. रविवारी सकाळी शहरातली एक जागा गाठायची, दोन-तीन तास बसायचं आणि समोर दिसेल ते काढायचं. मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे गटाचं पुढारपण माझ्याकडे, म्हणजे मीच ते घेतलेलं. आक्का पहिल्यांदा आल्या त्या पंचगंगेच्या घाटावर. साठीच्या, काठापदराच्या साडीतल्या, पायात कापडी बूट. पिशवीतून त्यांनी रुमालात गुंडाळलेली फूटपट्टी आणि दोन गुण्ये काढले आणि मला विचारलं, ‘‘स्केल काय घ्यायचं?’’ आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या, पण गुण्ये परत पिशवीत गेले नाहीत.

आक्का पाटबंधारे खात्यात ट्रेसर होत्या. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला धरणाचा, कालव्याचा नकाशा खाली ठेवायचा, वर पारदर्शक कागद घालायचा आणि शाईनं रेघ गिरवायची. नोकरीभर त्यांनी हेच केलं. पुढे कॉम्प्युटर आले आणि ते कामच राहिलं नाही. शिवाजी पेठेतल्या दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या, आणि एवढ्या वर्षांत आपण स्वतःचं असं काहीच काढलं नाही, हे त्यांना निवृत्तीनंतर अचानक जाणवलं होतं. म्हणून आमच्यात आल्या होत्या.

त्यांचं चित्र लांबून ओळखू यायचं. घाटाच्या पायऱ्या मोजून तेवढ्याच, खांब ओळंब्यात, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण. प्रत्येक चित्रात बाण. तालमीच्या दाराचं चित्र असो, चहाच्या टपरीचं असो, नाहीतर वडाचं असो. आम्ही थट्टा करून दमलो. ‘‘चित्र बघून माणसाला तितं जाता आलं पायजे की,’’ त्या म्हणायच्या. ‘‘न्हायतर मी बसलोतो कुठं, हे कळायचं कसं?’’ थट्टेत सगळ्यात पुढे मी असायचे. वर्गात पोरांच्या फूटपट्ट्या काढून घेणारी बाई मी, मला त्या बाणाचा खरोखर राग यायचा.

एकदा पावसाळ्यात आम्ही गगनबावड्याला गेलो. पोचलो तर धुकं एवढं, की शेजारचा माणूस दिसेना. कुणी डबे उघडले, कुणी ओल्या कागदावर करडा रंग सोडून धुकं काढलं. आक्कांनी ड्रायव्हरला दिशा विचारली आणि अख्खा कोरा कागद तसाच ठेवून कोपऱ्यात बाण काढला. गाडीचं मी ठरवलेलं, पावसानं दिवस फुकट गेलेला, मी आधीच वैतागले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘‘आक्का, चित्र जमत नसलं तर नसू दे, पण निदान मोजणी ऑफिस तरी इथं आणू नका.’’ त्यांनी वही मिटली. परतीच्या वाटेत खिडकीशी बसून सगळ्यांना शेंगदाण्याचे लाडू पुढे करत राहिल्या, मलाही दिला. पुढचे चार रविवार मात्र आल्या नाहीत.

पाचव्या रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. खिडकीशी टेबलावर त्या वाकून बसलेल्या, खाली मी त्यांना कधीतरी दिलेलं रंकाळ्याचं चित्र, वर पारदर्शक कागद, आणि हातात शाईचं पेन. माझी रेघ गिरवत होत्या. मला बघून दचकल्या नाहीत, की रुसव्याचं काही बोलल्या नाहीत. ‘‘तुझा हात कुठं सुटतोय ते बघतो,’’ म्हणाल्या. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, ‘‘सगळी नोकरी दुसऱ्याच्या रेघंवरनं रेघ वडली, मास्तरीणबाई. आता आपली वडायला गेलं की हात इचारतोय, खालचा कागद कुठाय?’’

तिथं माफी मागायची होती. त्यासाठीच गेले होते. पण मला ते जमत नाही, घरीही जमत नाही. मी म्हणाले, ‘‘पुढच्या रविवारी गंगावेशीत बसायचंय. येताय न्हवं?’’ त्या म्हणाल्या, ‘‘बाण काढणार मी.’’ मी म्हणाले, काढा.

गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि गवळी गिऱ्हाइकाच्या समोर पेल्यात धार काढून देतात. आक्कांनी त्यांतल्याच संभाजीमामांची म्हैस काढायला घेतली. तासाभरानं मामा पेला तसाच हातात धरून मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघून म्हणाले, ‘‘आक्का, ही आमची न्हवं. आमचीचं डावं शिंग मोडल्यालं हाय.’’ आक्कांनी दोन्ही शिंगं तंतोतंत सारखी काढली होती. एक काढून दुसरं त्याच्यावर बेतलेलं. त्यांनी म्हशीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग डावं शिंग खोडलं, गुण्या पिशवीत टाकला आणि हातानंच मोडकं शिंग काढायला घेतलं. रेघ थरथरली, भलतीकडे गेली, परत आली. शिंग झालं तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. मामा म्हणाले, ‘‘आता आमची.’’ आक्का पोरीसारख्या लाजल्या. गटात एवढी वर्षं झाली, एवढी चित्रं बघितली, पण मला त्या शिंगाचा हेवा वाटला, हे आज सांगून टाकते.

त्या दिवसापासून त्यांची सवयच झाली. ज्याचं चित्र काढलं, त्यालाच आधी दाखवायचं. हळूहळू आम्हीही तसंच करू लागलो. कोल्हापूरचा माणूस तोंडावर बोलायला मागेपुढे बघत नाही, त्यामुळे आमची चित्रं बरीच सुधारली. गुण्ये पुढे पिशवीतच राहिले. बाण मात्र गेला नाही. रविवारची जागा ग्रुपवर कळवायचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं.

आक्का गेल्यावर तीन रविवार कुणीच बसलो नाही. जागा कोण कळवणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मीही विषय काढला नाही. चौथ्या शनिवारी संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, ‘उद्या गंगावेस, साडेसहा.’ चौघंच आले. मी मामांच्या म्हशीसमोर बसले. शिंग दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा जमलं. मामा आले, आजूबाजूला बघून म्हणाले, आक्का दिसंनात? मी सांगितलं. त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. मग, चित्र दाखवायची रीत त्यांनाही माहीत, त्यांनी हात पुढे केला आणि माझी वही घेतली. शिंग पाहिलं, मान हलवली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

‘‘बाण ऱ्हायला की, बाई.’’

उत्तर दिशा कुठं, हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं शेजारी बसून मी एकदाही त्यांना विचारलं नव्हतं. तसं मी मामांना सांगितलं.

‘‘म्हस बघा की,’’ मामा म्हणाले. ‘‘रोज हितंच बांधतो. आक्कांनी सांगितल्यालं, हिचं तोंड बरोब्बर उत्तरंला असतंय.’’

मी म्हशीकडे बघत बाण काढला. फूटपट्टीशिवाय काढला, वाकडा आला, तसाच ठेवला. वही पुन्हा मामांच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरून पाहिली.

‘‘आता कुणालाबी यायला जमंल,’’ म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पेला घेऊन धार काढायला बसले.