बारदान्यातला दरबान

आमच्या पद्मजावहिनींना शब्द दिसला की तो मोडून पाहायची खोड आहे. लग्नपत्रिका हातात आली तरी मुहूर्त राहतो बाजूला, आधी नवरदेवाच्या नावातल्या अक्षरांचे आणखी किती शब्द होतात ते बघतात. सेलूच्या आमच्या गल्लीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हाच खेळ असतो. जिच्या घरी हळदीकुंकू, तिने शब्द द्यायचा आणि स्वतः गप्प बसायचं. बाकीच्यांनी त्यातली अक्षरं उलटीपालटी करून नवे शब्द करायचे. काना, मात्रा, वेलांटी आपल्या मर्जीची. सगळी अक्षरं वापरून शब्द केला तर तिचे एकूण गुण दुप्पट. जिंकेल तिला पहिलं वाण.

हे पहिलं वाण वर्षानुवर्षं वहिनींचं. मी त्यांची धाकटी जाऊ, शेजारी बसून टाळ्या वाजवणारी. जीव जळायचा, खोटं कशाला बोलू? मग समोरच्या घरात नांदेडची ईश्वरी सून म्हणून आली आणि यंदा एकामागून एक घरची पहिली वाणं घेऊन जायला लागली. वहिनींना जेवण गोड लागेना. मला आतून गुदगुल्या होत होत्या.

वहिनींच्या घरचं हळदीकुंकू आलं. मुद्दाम मोंढ्यातला, म्हणजे धान्यबाजारातला शब्द शोधून त्यांनी दिला, बारदाना.

"बारदाना म्हणजे काय हो काकू?" ईश्वरीने विचारलं.

"रिकामी पोती. आमच्या सेलूत लेकरायलाबी ठाऊक असतंय."

ईश्वरीने तेवढ्यात बदन काढला, नादार काढला, दान, दार, बार तर भराभर. बाकीच्या मागे पडल्या, मी कशीबशी तिच्या खालोखाल होते. सगळ्या अक्षरांचा शब्द मात्र कुणालाच सापडेना. वहिनींना तो माहीत, पण तोंड उघडायची सोय नाही. शेवटी तिळगुळाचं निमित्त करून त्यांनी मला स्वयंपाकघरात ओढलं.

"राजेश्री, दरबान. जा, म्हण. ती जिंकायलीय."

"वहिनी, शब्द तुमचा. मी कसं म्हणू?"

"तू काय परकी हैस का? जा."

मी बाहेर येऊन बसले, जरा विचार केल्याचं सोंग केलं आणि म्हणाले, "दरबान."

माझे गुण दुप्पट झाले, ईश्वरी मागे पडली. शेजारच्या कमलबाई म्हणाल्या, "इतके दिवस दडून बसली होती की ही. जावेपेक्षा हुशार निघाली." मला इतकं बरं वाटलं की शब्द माझाच वाटायला लागला.

वहिनी वाणाचं ताट घेऊन माझ्यापुढे आल्या. मी वाटी उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी ताट मागे घेतलं.

"हिला कुठलं येतंय," त्या म्हणाल्या. "आत मीच सांगितलाय."

सगळ्यांच्या माना वहिनींकडे वळल्या. आपण काय बोलून बसलो ते वहिनींना उशिरा कळलं. पहिलं वाण ईश्वरीला गेलं, आणि ते वहिनींनाच स्वतःच्या हाताने द्यावं लागलं.

आता वहिनी म्हणतात, माझ्यामुळे त्यांची गल्लीत शोभा झाली. म्हणोत. ताट मागे घेताना त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं तोवर फक्त ईश्वरीकडे पाहायच्या. ते आठवलं की मला अजून गोड वाटतं.