गोदू वेडावत नव्हती

"ही मुलगी कोणाला वेडावत नाही. ती आजारी आहे," असं सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी दाराआड उभी होते.  ती मला वेडावते, ही तक्रार मीच केली होती.

गोदू ह्यांच्या वारलेल्या पहिल्या कुटुंबाची मुलगी. लग्न होऊन मी कल्याणहून ठाण्याला आले तेव्हा ती दहा वर्षांची, मी सोळाची. ती मला वहिनी म्हणे. आई म्हण, असं तिला कोणी सांगितलं नाही, मीही नाही.

दुसऱ्या वर्षी तिला ताप आला, गुडघे सुजले. पंधरा दिवसांत उतरलं आणि आम्ही विसरून गेलो. पुढे दोनेक महिन्यांनी तिच्या हातून भांडी पडू लागली. वाढताना वाटी निसटे, ताक सांडे. मी बोलले की तिचं तोंड वाकडं होई, भुवया उडत, खांदा झटकला जाई. मध्येच रडे, लगेच हसे. ती मला वेडावते, असं मी ह्यांना सांगितलं आणि ह्यांनी तिला दोनदा मारलं. दुसऱ्यांदा मी मध्येसुद्धा पडले नाही.

झोपली की सारं थांबे. हे म्हणत, "पाहिलंस? सोंग आहे नुसतं!" शेजारणी म्हणत, ही तिच्या आईची बाधा. अंगारे झाले, दृष्ट काढून झाली. मला तर तिच्याकडे बघायचीच भीती वाटू लागली.

मग एके सकाळी ती मासुंदा तळ्याच्या पायऱ्यांवर कोसळली. उठता येईना. तेव्हा कुठे आम्ही दवाखान्यात गेलो. तिथल्या ओसरीवर दुपारपर्यंत बसलो. 

डॉक्टरांनी तिला जीभ बाहेर काढून तशीच ठेवायला सांगितली. जीभ राहीना, आत-बाहेर होत होती. मग त्यांनी विचारलं, "झोपेत हातपाय उडतात का?"

 मीच दाराआडून म्हणाले, "नाही."

"बरोबर. याला कोरिया म्हणतात. हातपाय, तोंड आपोआप हलतं. रोग्याच्या हाती काही नसतं. सांध्यांच्या तापामागून हा येतो."

औषध सोमलाचं, म्हणजे विषाचंच होतं, दुधातून, मोजून थेंब. घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "सावत्र आईनं सोमल पाजला असं उद्या लोक म्हणतील. थेंब तुम्ही मोजा." ते रोज कचेरीत जाण्याआधी मोजू लागले. त्या निमित्ताने तिच्या उशाशी बसू लागले.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "निजवून ठेवा. आणि रागावू नका. रागावलात की हातपाय जास्त उडतील."

चार महिने गेले. अंथरुणाभोवती गोधड्या रचायच्या, घास भरवायचा. तिचा हात उडाला की भात माझ्या तोंडावर. मी थकले. किती वेळा परसात जाऊन एकटीच बडबडले, आणि पुन्हा आत आले. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना सांगते: राग येतोच. तो परसात टाकून यावा. आणि मुलाला उद्धट ठरवण्याआधी वैद्याला, डॉक्टरला दाखवावं.

हळूहळू हात स्थिर झाले. हृदय मात्र अधू राहिलं. तिची सोयरीक ज्यांच्याकडे ठरत आली होती त्या मंडळींनी पाठ फिरवली. ह्यांनी मग शाळेतली पुस्तकं घरी आणली. तिच्यासोबत मीही अक्षरं शिकले, म्हणून आज हे लिहिते. त्या डॉक्टरांचे उपकार आमच्यावर आहेत.

बरी झाल्यावर एकदा मी तिची वेणी घालत होते. ती म्हणाली, "वहिनी, तुम्हाला खरंच वाटायचं, मी मुद्दाम करते?"

"हो."

"मलाही वाटायचं. रोज ठरवायचे, आज नाही करायचं. मग व्हायचंच. वाटायचं, मीच वाईट आहे."

माझे हात थांबले. "चुकलं गं माझं," एवढंच मला म्हणता आलं.

 ती डोकं मागे टेकवून म्हणाली, "घाला ना वेणी."