बारा काड्यांचं कुंपण

आमच्या गल्लीत एके काळी अशी बातमी होती की समोरच्या मामांनी टेकडीवर दुसरा संसार थाटलाय. बातमी माझ्याच तोंडून निघाली होती, कबूल करते. पण पुरावेही तसेच होते की! माणूस महिन्यातून चार दिवस उजाडायच्या आत भांग पाडून बाहेर पडायचा, आणि आदल्या दुपारी ओट्यापाशी बसून स्वतःच्या हातांनी शेंगदाण्याचे बोराएवढे लाडू वळायचा. मोजून चाळीस. बायकोला त्यातला एकही नाही. मग काय समजायचं?

आठच दिवसांत मामींनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "चल, तुला माझी सवत दाखवते."

सवत निघाली वीस ग्रॅमची. तपकिरी, पाठीवर काळी रेघ, तोंडात लाडवाचा तुकडा.

मामा एका संशोधन संस्थेत मदतनीस होते. टेकडीच्या माथ्यावर गवताचं पठार, त्यात पत्र्याच्या चाळीस पेट्या. संध्याकाळी पेटीत लाडू ठेवायचा, सकाळी पत्रा तापायच्या आत उघडायची. आत उंदीर सापडला तर त्याला कापडी पिशवीत घ्यायचं, वजन करायचं, कानात नंबराचा इवलासा बिल्ला अडकवायचा, वहीत नोंद करायची आणि धरला तिथेच सोडायचा. तीस वर्षं हेच. पोटच्या मुलीचा वाढदिवस विसरायचे, पण "चारशे बारा यंदा वाळलीय गं" हे जेवताना न चुकता सांगायचे. गल्लीनं त्यांचं नाव उंदीरमामा ठेवलं ते काही उगाच नाही.

सगळा जीव त्या रेघवालीत. तिला ते 'गवती' म्हणायचे. उंच गवताच्या ताटांमध्ये, जमिनीपासून वीतभर वर, ती पाती विणून चेंडूएवढं घरटं करते. गवताचंच घर, गवताचंच बी खाणं. "सुगरण आहे," मामा म्हणायचे, आणि मामी आतून ओरडायच्या, "मग तिलाच सांगा चहा टाकायला!"

मग एका वर्षी शेळ्यांनी उच्छाद मांडला. पेट्या तुडवायच्या, लाडू फस्त करायच्या. मामांनी डोकं लढवलं. रस्त्याकडेला घाणेरी माजलेली असते ना, गुलाबी-पिवळ्या फुलांची, तिला शेळी तोंड लावत नाही. मामांनी तिच्या बारा काड्या कापून आणल्या आणि पठाराच्या कडेनं खोचल्या. गवतीला राखायला कुंपण. मामी म्हणाल्या, "माझ्या दारात कधी एक रोप लावलं नाही, आणि उंदरांना बाग!"

शेळ्या थांबल्या. घाणेरी काही थांबली नाही. तिची काळी फळं बुलबुलांनी खाल्ली आणि बी पठारभर टाकलं. जिथे झुडूप तिथे गर्द सावली, आणि सावलीत गवत कसलं उगवतंय?

पण हे कळायला वर्षं गेली, कारण पेट्या भरत होत्या. तिसाच्या जागी पन्नास उंदीर सापडू लागले. कचेरीत पाठवायच्या कागदावर रकाना एकच होता: एकूण. साहेबांनी मामांची पाठ थोपटली, मामांनी गल्लीभर आइस्क्रीम वाटलं. मी दोन खाल्ली. वाढत होते ते झुडपात चढणारे मोठे काळे उंदीर. गवती घटत होती. कुठल्या पेटीत कोण सापडलं हे मामांनी स्वतःच्या वहीत नीट लिहिलं होतं, पण बेरीज गोड असली की आकडे कोण चाखून बघतं?

ज्या वर्षी गवती फक्त पाच सापडल्या, त्या वर्षी मी साखर मागायला गेले, तर मामा जमिनीवर सगळ्या वह्या पसरून मधोमध बसलेले. मी म्हटलं, "काय मामा, परीक्षा जवळ आली वाटतं?"

"नापास झालो," ते म्हणाले. वर बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून कोयता आणि कुदळ. घाणेरी नुसती कापली की दुप्पट फुटते, मुळासकट उपटावी लागते. मामा घरी यायचे ते ओरबाडलेले हात घेऊन, आणि मामी चष्मा लावून चिमट्यानं काटे काढत बसायच्या. टोमणे मारायचं त्यांनी तेव्हा सोडलं होतं. दीड वर्षात दोन खोल्यांएवढी जागा मोकळी झाली. तिथे विरळ गवत आलं, आणि एका सकाळी पेटीत सहाशे अकरा सापडली. गवती, मादी, पोट टम्म. वर्षभरात दिसलेली एकटीच. त्या दिवशी मामा गल्लीतून येताना शीळ घालत होते. बेसूर, पण घालत होते.

पुढच्या महिन्यात मला म्हणाले, "येतेस? पिल्लं झाली असतील."

गेलो. घरटं होतं. पण चार ताटांच्या विरळ गवतात विणायला पाती कुठून पुरणार? तिनं घाणेरीची वाळकी पानं कोंबली होती. ती पानं विणली जात नाहीत, चुरा होतात. घरटं खालून फाटलं होतं. जमिनीवर चार पिल्लं, शेंगदाण्याएवढी, मुंग्या लागलेली. मामांनी एकेक उचलून मुंग्या फुंकल्या. वहीत लिहायचं म्हणून पिशवीत घालून वजनही केलं. काटा हललाच नाही. ते तसेच काट्याकडे बघत उभे राहिले.

सहाशे अकरा पुन्हा सापडली नाही. पुढे तीन वर्षं गवतीच्या नावापुढे शून्य. संस्थेनं पठाराची मोजणी बंद केली, मामा निवृत्त झाले. पेट्या मात्र त्यांनी संस्थेकडून मागून घेतल्या. अजूनही महिन्यातले चार दिवस चढतात. गुडघे बोलतात, मामी बोलतात, ऐकत कुणाचंच नाहीत.

परवा दारात बुटाची नाडी बांधत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, शून्यच लिहायचं तर घरी बसून लिहा की. कोण विचारतंय तुम्हाला?"

नाडीची गाठ मारून झाल्यावर ते म्हणाले, "घरी बसून लिहिलेलं शून्य खोटं. पेटी उघडून बघितल्याशिवाय मी तिला मेली म्हणणार नाही."