अख्खी गल्ली हलेल का?

गेल्या रविवारी ताईने जेवायला बोलावलं, तेही घरी नाही, वर्कशॉपवर. राजवाड्यामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर ती शाळांचे युनिफॉर्म शिवून देते.

शहराबाहेर, महूच्या पुढे, एक मोठी शेड स्वस्तात विकायला होती; वर्कशॉप तिथे हलवायचं का, हा प्रश्न होता. सोमवारी दलालाला हो की नाही ते कळवायचं होतं. भाऊजींना हो म्हणायचं होतं... ताईची मात्र आयुष्यभराची कमाई त्यात जाणार होती.

मी कॉलेजात आर्थिक भूगोल शिकवतो, म्हणून मला पंच नेमलं. मी सुरू झालो. जमीन, मजूर, वाहतूक, बाजारपेठ... कापूस एका देशात पिकतो, कापड दुसऱ्यात विणतात, शर्ट तिसऱ्यात शिवतात. भांडवलाला गावाची माया नसते. जिथे स्वस्त, तिथे ते जातं.

भाऊजी खूश. "बघ, तुझा भाऊपण हेच म्हणतोय."

"हा शाळेतही असाच बोलायचा," ताई म्हणाली. "टाळ्या मिळायच्या, मार्क नाही."

तेवढ्यात समोरचे युनूसभिया शर्टांचा गठ्ठा घेऊन वर आले. गल्लीतल्या सगळ्यांचं काज-बटणाचं काम तेच करतात. ताईने विचारलं, "भिया, हम उधर गए तो आप भी चलोगे?"

"चलूँगा ना दीदी. पर आपके अकेले काम से मेरी मशीन का पेट नहीं भरेगा. मोनोग्रामवाले को ले चलो, फिर मुझे आया समझो."

ताईने खिडकीतूनच, खिशांवर शाळेचं चिन्ह भरून देणाऱ्या मोनोग्रामवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, दोरेवाला येत असेल तर येतो. दोरेवाला म्हणाला, पँटवाले आले तर विचार करू... नाही कुणीच म्हणालं नाही.

"पूरी बारात ले जानी पड़ेगी क्या?" भाऊजी म्हणाले.

आमच्या विषयात याला समूहन म्हणतात. एकमेकांवर चालणारे धंदे शेजारी बसले, की प्रत्येकाचा खर्च कमी होतो. नेमकं तेच माझ्या हिशेबात नव्हतं.

ताईने तिथूनच दलालाला फोन लावला. एका मोठ्या शेडऐवजी पाच छोट्या, एकमेकींना लागून मिळतील का?

"इतनी छोटी नहीं आती मैडम. एक लेना हो तो बोलो."

"फिर रहने दो भिया."

एकट्या कारखान्याला जमीन द्यायची आणि त्याच्या शेजाऱ्यांना विसरायचं, या सरकारी धोरणावर मी व्यासपीठावरून अनेकदा तुटून पडलोय. पुन्हा पडेन. त्या दुपारी मात्र ताट ओढून जेवायला बसलो.

या नकाराने ताई सुटली, असं नाही. गल्लीतलं भाडं वाढणार, बाहेरचा स्वस्त माल येणार... हे तिला माझ्यापेक्षा आधी कळतं. तिने फोन ठेवला आणि युनूसभियांना सोमवारचं काम सांगायला लागली.

यापुढे कुणी म्हणालं, की उद्योग कुठे उभा राहणार हे जमिनीचा भाव ठरवतो, तर मी वाद घालणार नाही. एक अर्धवट शिवलेला शर्ट त्याच्या हातात देईन, हा पुरा करून आण म्हणेन आणि त्याला या गल्लीत सोडून येईन.