गुण आलेल्या गोळ्या

चिंचवडच्या आमच्या लॅबमध्ये मला सहसा काउंटरवर बसवत नाहीत. माझ्या जिभेला हाड नाही, हे मालकांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी निघोजेचा एक माणूस "प्लेट बघणाऱ्या मॅडमलाच भेटायचंय" म्हणून अडून बसला आणि मला बाहेर यावं लागलं.

त्याची बायको बाळंतपणानंतर अत्यवस्थ होती. ती वाचली नाही, हे आत्ताच सांगते. उगाच आशा नको. तिच्या रक्तातले जंतू आम्ही प्लेटमधल्या जेलीवर वाढवून त्यावर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडलं की चकतीभोवती स्वच्छ गोल राहतो. इथे एकही गोल नव्हता. दुधावर साय धरावी तसे जंतू चकत्यांना भिडले होते. पुन्हा लावून पाहिलं, तरी तेच. डॉक्टरांना मी तसं कळवलं होतं.

त्यानं काउंटरवर पिशवी उपडी केली. गोळ्यांची अर्धीमुर्धी पाकिटं!

"ह्या समद्या गुण आलेल्या गोळ्या हायेत, मॅडम. आळीतनं, कंपनीतल्या पोरांकडनं गोळा केल्या. एखादी तरी चालंल. लावून बघा की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकानंही डोस पुरा केला नव्हता. ताप उतरला की शिफ्टला पळायचं, उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला द्यायच्या. अशानंच तर जंतू औषधांना पुरून उरतात. पण त्याचा चेहरा बघून एवढंच म्हणाले,

"दादा, ही सगळी औषधं लावून झालीत. एकही चालत नाही."

तो पाकिटं भरायला लागला. एक हातातच राहिलं.

"ह्या गोळ्यांनी माझा ताप एका दिसात गेला व्हता. उरलेल्या मीच तिला दिल्या. पोटुशी व्हती, लघवीला जळजळायचं. दोन खाल्ल्या, बरं वाटलं, मग बंद केल्या." त्यानं वर पाहिलं. "त्यानं तर न्हाई ना झालं, मॅडम?"

झालं असेल, नसेलही. प्लेट बघून ते कळत नाही. पण नुसती शंकासुद्धा त्याला जन्मभर पोखरत राहिली असती. मला त्याची फार दया आली.

"नाही हो," मी म्हणाले. "त्याचा काही संबंध नाही."

त्यानं डोळे पुसले आणि ते पाकीट जपून खिशात ठेवलं. "मग ऱ्हाऊ द्या. बाळाला लागल्या कधी तर."

मी ते त्याच्या खिशातून हिसकावून घेतलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मग मटकन खाली बसला.